मल्टिमीटरला पूर्ण आवर्तन मोजू द्या

टेबलावरच्या मल्टिमीटरमध्ये शेवटचे दोन आकडे सतत नाचत असले की पहिला संशय सर्किटवर जातो. पण आधी पाहायला हवं ते मीटर प्रत्येक रीडिंगसाठी किती वेळ घेतोय.

डिजिटल मीटर एका क्षणाचं व्होल्टेज टिपत नाही. ड्युअल-स्लोप पद्धतीत तो आतला कपॅसिटर इनपुटवर ठरावीक वेळ चार्ज करतो, मग उलट दिशेच्या रेफरन्स व्होल्टेजने, म्हणजे आधीच माहीत असलेल्या व्होल्टेजने, रिकामा करतो आणि त्याला लागलेला वेळ मोजतो. कपॅसिटर आणि रेझिस्टर दोन्ही टप्प्यांत तेच असल्यामुळे त्यांच्या नेमक्या किमती हिशेबातून बाद होतात, ही या पद्धतीची मोठी हुशारी. चार्जिंगचा तो ठरावीक वेळ म्हणजे इंटिग्रेशन टाइम, आणि रीडिंग म्हणजे तेवढ्या वेळातली सरासरी.

सरासरी किती वेळाची घ्यायची, हे ठरतं घरातल्या विजेवरून. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा गोंगाट, म्हणजेच गुणगुण, प्रोबच्या वायरींत शिरतेच. तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, अर्धं धन, अर्धं ऋण. बरोबर २० मिलिसेकंदांची सरासरी घेतली की दोन्ही अर्धी एकमेकांना खोडून टाकतात. म्हणूनच हे सेटिंग 'पीएलसी'मध्ये, म्हणजे पॉवर लाइनच्या आवर्तनांत दिलेलं असतं. १, १० किंवा १०० पीएलसीला गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, ०.२ ला हा फायदा मिळत नाही. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी ठेवलेला १६.६७ मिलिसेकंदांचा वेळ इथे वापरला, तर गुणगुणीचा सुमारे १९ टक्के भाग उरतो.

हातातल्या साध्या मीटरमध्ये ही निवड कारखान्यातच झालेली असते. साडेतीन अंकी (तीन पूर्ण अंक आणि पुढे फक्त ० किंवा १ दाखवणारा ‘अर्धा’ अंक) मीटरांत प्रसिद्ध असलेली आयसीएल ७१०६ चिप ४० किलोहर्ट्झवर चालवली, की इंटिग्रेशन टाइम १०० मिलिसेकंद येतो. त्यात ५० हर्ट्झची ५ आणि ६० हर्ट्झची ६ पूर्ण आवर्तनं बसतात! एकच मीटर दोन्हीकडे चालतो, सेकंदाला अडीच रीडिंग देत.

प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं दिसणाऱ्या एचपी ३४४०१ए या मीटरमध्ये मात्र निवड आपल्या हातात असते. ०.०२ पीएलसीला साडेचार अंक आणि सेकंदाला हजार रीडिंग. १०० पीएलसीला साडेसहा अंक, पण एका रीडिंगला दोन सेकंद. ऑटो-झीरो चालू असेल तर मीटर दर वेळी स्वतःचं शून्यही मोजतो, म्हणजे वेळ साधारण दुप्पट.

अंक वाढले म्हणजे अचूकता वाढली, असा समज फार पसरलेला आहे आणि तो धोक्याचा आहे. याच मीटरच्या १० व्होल्ट रेंजमध्ये साडेसहा अंकांवर रिझोल्युशन, म्हणजे दिसू शकणारा सर्वांत लहान फरक, १० मायक्रोव्होल्ट मिळतं. पण कॅलिब्रेशननंतरच्या वर्षभरासाठी दिलेली अचूकता पाहिली, तर १० व्होल्टच्या रीडिंगमध्ये ४०० मायक्रोव्होल्टपर्यंत फरक असू शकतो. शेवटचा अंक खरा उपयोगी पडतो तो तुलनेसाठी: तासाभरात रेफरन्स किती सरकला, दोन सेलमध्ये किती फरक आहे, यासाठी.

शिवाय वेळ वाढवत राहिल्याने सगळंच सुधारत नाही. यादृच्छिक गोंगाट वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे दहापट वेळ देऊन जेमतेम तिपटीची सुधारणा. त्यातही तांबं आणि सोल्डर यांच्या जोडावर एका अंशाच्या फरकाने काही मायक्रोव्होल्ट तयार होतात. प्रोबला बोटाची ऊब लागली तरी तो जोड तापतो, आणि ही चूक स्थिर असल्यामुळे सरासरीत अजिबात जात नाही. तिथे १०० पीएलसीपेक्षा पाच मिनिटं हात न लावता थांबणं जास्त कामाचं.

रोजच्या डीसी मोजणीला १० पीएलसी ठेवावं. झपाट्याने बदलणारा सिग्नल असेल तर १ पीएलसीच्या खाली जावं लागेल. तेव्हा शिल्डेड वायर वापरा, कारण गुणगुण अडवायचं काम मग तिच्यावर येतं.