वेरिबीत लिबरल पुढे, लेबर विजयी: पहिल्या पसंतीची मतं वेगळी, शेवटच्या दोघांची मतं वेगळी

मेलबर्नच्या पश्चिम टोकाला असलेल्या वेरिबीत 8 फेब्रुवारी 2025ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेची पोटनिवडणूक झाली. लढत मुख्यतः लेबर आणि लिबरल या दोन पक्षांत होती. राज्याचे अर्थमंत्री टिम पॅलस यांनी राजकारण सोडलं, म्हणून जागा रिकामी झाली होती. निकाल लागल्यापासून एकच वाक्य कानावर येतंय: "लेबरची सतरा टक्के मतं लिबरलकडे गेली." हे साफ चूक आहे.

पहिल्या पसंतीचं मत म्हणजे ज्याच्यापुढे 1 लिहिला त्याला मिळालेलं मत, हे पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्याला सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्याकडे 1 लिहून थांबलं तरी चालतं. व्हिक्टोरियात विधानसभेला आकडे अर्धवट सोडले की मत बाद. वेरिबीत बारा उमेदवार होते, म्हणजे शिसपेन्सिल घेऊन 1 ते 12 लिहीत बसायचं. ही सक्ती मला मनापासून आवडते. नावडत्यांतला कमी नावडता कोण, हेही मतदाराला ठरवावं लागतं.

लोक अडखळतात ते यापुढे. 2022मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची सुमारे 45.4 टक्के मतं होती, पोटनिवडणुकीत 28.7 उरली. लिबरल मात्र 25.3वरून 29 वरच पोचले. लेबरनं गमावलं सतरा, लिबरलनं कमावलं जेमतेम चार. बाकीची मतं अपक्ष, ग्रीन्स, समाजवादी आणि छोट्या पक्षांत विखुरली.

मग खालून एकेक उमेदवार बाद होतो. त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडून, अजून रिंगणात असलेल्यांपैकी ज्याच्यापुढे सर्वांत लहान आकडा असेल त्याच्या गठ्ठ्यात जातात. शेवटी दोनच गठ्ठे उरतात. लिबरल आणि लेबर सोडून इतरांकडे मिळून सुमारे 42 टक्के मतं होती. त्यांतली 22 लेबरकडे आली, 20 लिबरलकडे. निकाल लागला 50.8 विरुद्ध 49.2, आणि पहिल्या मोजणीत मागे असलेले लेबरचे जॉन लिस्टर निवडून आले. मतदारसंघ किती सरकला हे या शेवटच्या आकड्यावरूनच बघायचं, आणि तो 2022च्या तुलनेत सुमारे दहा टक्क्यांनी सरकला. दहा टक्केही भयंकरच, पण सतरा नव्हेत.

"अमुक पक्षानं आपली पसंती तमुकला दिली" हेही ऐकवत नाही. विधानसभेला पक्ष फक्त सुचवणारं पत्रक वाटतो, आकडा मतदार लिहितो.

राज्य विधानसभेचा वेरिबी मतदारसंघ आणि देशाच्या संसदेचा लेलॉर मतदारसंघ यांचीही गल्लत होते. वेरिबी लेलॉरच्या पोटात आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता 28 नोव्हेंबर 2026ची राज्य विधानसभेची निवडणूक. 1979 ते 2002 आणि पुन्हा 2014पासून या जागेवर लेबरच आहे, म्हणून ती "बालेकिल्ला" असल्याचं अजूनही बोललं जातं. मला ते पटत नाही. मी पहिल्या पसंतीचा तक्ता बघून भाकीत करणार नाही, त्या 42 टक्क्यांच्या मतपत्रिकांवर लेबर लिबरलच्या आधी येतो की नंतर, ते बघेन. पोटनिवडणुकीतलं अंतर साडेसहाशे मतांच्या आत होतं. लेबर लिबरलच्या आधी असलेल्या सव्वातीनशे मतपत्रिकांवर या दोघांचे आकडे उलटे असते, तर आमदार लिबरलचा असता.