नस मोकळी झाल्यानंतर

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स कोमट पाण्यात पिळलेला रुमाल घेऊन आत्याचा चेहरा पुसायला आली. रुमाल गालापासून चांगला वीतभर लांब होता, तेवढ्यातच आत्याने मान मागे ओढली, डोळे घट्ट मिटले आणि पलंगाची दांडी धरली. रुमाल गालावर टेकला. काहीच झालं नाही. नर्सने गाल पुसला, नाकपुडीची कड पुसली, ओठ पुसले. मग आत्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत तिच्या उजव्या गालाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

तिच्या दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली पाचवी जोडी सगळ्यांत जाड, आणि चेहऱ्यावरचा स्पर्श, थंड-गरम, वेदना हे सगळं मेंदूपर्यंत नेण्याचं काम तिच्याकडे. दोन्ही बाजूंच्या नसांना प्रत्येकी तीन फाटे फुटतात: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरा गाल, नाक आणि वरच्या दातांकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. या आजारात बहुतेक वेळा खालच्या दोन फाट्यांमध्ये करंट लागल्यासारखी कळ उठते. एक कळ काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची असते, पण दिवसात अशा कितीतरी येतात. त्यांना निमित्तही लागतं ते अगदी क्षुल्लक. चूळ भरली, दात घासले, पंख्याचा वारा लागला, कुणाशी दोन शब्द बोललं, तरी पुरे. जोरात दाबलं तर एक वेळ काही होत नाही, पण हलका स्पर्श चालत नाही. आत्याने घरातल्या दोन लग्नांत नथ घातली नाही. लोकांना वाटलं, बाई रुसली आहे. अभिनेता सलमान खान याने आपल्याला हाच आजार असल्याचं आणि त्यावर अमेरिकेत उपचार घेतल्याचं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा कुठे आपल्याकडे हे नाव थोडंफार कानावर पडू लागलं.

निदान होण्याआधी आत्याच्या दोन दाढा काढल्या गेल्या. या आजाराच्या कित्येक रुग्णांची हीच गोष्ट असते. कळ खरोखरच दाढेतून आल्यासारखी वाटते, कारण दाढेची संवेदना नेणारा आणि दुखावलेला तंतू एकच असतो. दाढ काढली की काही दिवस बरं वाटल्यासारखं होतं आणि मग शेजारची दाढ 'दुखू' लागते. दातात काही सापडत नसताना करंटसारखी कळ येत असेल, तर दाढ उपटण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, एवढं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

मूळ बिघाड दाढेपासून बराच लांब असतो, कानाच्या मागे, कवटीच्या आत. मज्जातंतूवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. मेंदूच्या आत हे वेष्टण एका प्रकारच्या पेशी बनवतात, मेंदूबाहेर दुसऱ्या प्रकारच्या. पाचवी नस मेंदूच्या देठातून बाहेर पडते तिथून काही मिलिमीटरवर या दोन वेष्टणांचा सांधा येतो आणि तो नाजूक असतो. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या लांबतात, वेड्यावाकड्या होतात. अशी एखादी धमनी नेमकी या सांध्यावर टेकली, की प्रत्येक ठोक्याला तिथे धक्का बसतो. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख धक्के. वर्षानुवर्षं असं झालं की वेष्टण झिजतं, आतले तंतू एकमेकांना उघडे पडतात आणि स्पर्शाच्या तंतूतला संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूत उडी मारतो. म्हणून वाऱ्याची झुळूक सुरीसारखी लागते. अर्थात धमनी टेकली म्हणजे दुखणारच असंही नाही. कित्येक धडधाकट माणसांच्या नसेला रक्तवाहिनी चिकटलेली असते आणि त्यांना आयुष्यात कधी कळ येत नाही.

बाल्टिमोरचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३४ साली आपल्या ऑपरेशनांतल्या निरीक्षणांवरून लिहून ठेवलं होतं, की या रुग्णांच्या नसेवर रक्तवाहिनी दाबलेली दिसते. पण त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता. पुढे १९६६च्या सुमारास लॉस एंजेलिसला प्रशिक्षण घेत असलेले पीटर जॅनेटा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी विच्छेदन करत होते. ते शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली चाललं होतं आणि तिथे त्यांना नसेवर टेकलेली धमनी स्पष्ट दिसली. नस कापायची किंवा जाळायची नाही, फक्त धमनी बाजूला सारायची, हा विचार तिथून पुढे आला. त्याच्यावर विश्वास बसायला वैद्यकविश्वाला बरीच वर्षं लागली.

आज हे ऑपरेशन भारतात मोठ्या शहरांतून सर्रास होतं. कानामागे साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढं हाड काढतात, मेंदूभोवतीचं थोडं पाणी वाहू देतात, म्हणजे लहान मेंदू आपोआप सैल पडतो आणि आत जायला वाट मिळते. धमनी नसेपासून सोडवून दोघींच्या मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा पुंजका ठेवतात. आपण ज्याला सरसकट 'निर्लेप तवा' म्हणतो, त्याच्यावरचा लेप याच पदार्थाचा. शरीर त्याच्याशी फारसं भांडत नाही. ऐकण्याची नस अगदी लागूनच असते, म्हणून ऑपरेशन चालू असताना कानात टिकटिक आवाज सोडून मेंदूची प्रतिक्रिया सतत मोजत राहतात. ती मंदावली की सर्जन हात थांबवतात.

आणि मग रुग्ण शुद्धीवर येतो. इथून पुढचं कुणी नीट सांगत नाही. ऑपरेशन यशस्वी झालं, कळ गेली, पेढे वाटले, अशी गोष्ट तिथेच संपवतात. पण बरं होणं ही एक घटना नसते. कळ, जखम, औषध आणि मनातली भीती या चौघांची चाल वेगवेगळी असते आणि कुणी कुणासाठी थांबत नाही.

सगळ्यांत आधी जाते ती कळ. जॅनेटा यांच्या पिट्सबर्गच्या चमूने १९९६ साली ११८५ रुग्णांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ८२ टक्के लोकांची कळ ऑपरेशननंतर लगेच पूर्ण थांबली होती. झिजलेलं वेष्टण एका रात्रीत भरून येत नाही, मग कळ एवढ्या लवकर कशी जाते? दाब उठताच नसेतून संदेश पुन्हा सुरळीत वाहू लागतात, हे ऑपरेशन टेबलावरच्या मोजमापांत दिसलं आहे. वेष्टणाची डागडुजी मागाहून, सावकाश होत राहते. काहींना पहिले काही दिवस किंवा आठवडे मध्येच एखादी बारीक चमक येते. आत्याला तिसऱ्या रात्री आली आणि ती रडायलाच लागली, 'सगळं फुकट गेलं' म्हणून. फुकट गेलं नव्हतं. अशा चमका पुढे विरळ होत जाऊ शकतात, हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तिला रडत काढावी लागली नसती.

जखमेचं दुखणं निराळं. त्यात पहिला मान डोकेदुखीचा. मेंदूभोवती आणि मणक्यात मिळून जेमतेम १५० मिलिलिटर पाणी असतं आणि शरीर रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं बनवतं. त्यामुळे ऑपरेशनमध्ये गेलेलं पाणी काही तासांत भरून निघतं. पण आत शिरलेली हवा जिरायला वेळ लागतो आणि सांडलेल्या थोड्याशा रक्ताने मेंदूची आवरणं चुरचुरत राहतात. मळमळ होते, उठून बसलं की गरगरतं. मानेचे स्नायू हाडावरून सोडवून पुन्हा शिवलेले असतात, म्हणून मान लाकडासारखी ताठते. कानामागच्या हाडात मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या असतात. त्यांतून पाणी झिरपून कानात दडा बसल्यासारखं वाटतं आणि ते बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. व्रणाभोवतीची टाळू बधिर राहते. आत्या तिथे फणी फिरवायची आणि म्हणायची, 'हे डोकं माझं नाहीच गं.'

चौथ्या-पाचव्या दिवशी ओठाच्या कडेला पुरळ उठलं. घरात सगळे म्हणाले, अंगातली उष्णता बाहेर पडली. खरं कारण मला फार गमतीचं वाटतं. हर्पीसचा विषाणू आपल्यापैकी अनेकांच्या पाचव्या नसेच्या गाठीत लहानपणापासून झोपलेला असतो. सर्जनने नसेला हात लावला की तो जागा होतो आणि नसेच्या वाटेने ओठापर्यंत येतो. डॉक्टरांना दाखवलं की गोळ्यांनी आटोक्यात येतो.

ज्याला खरंच घाबरायचं ते वेगळं आहे. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ थेंब टपकत असेल, घशामागे खारट चव येत असेल किंवा कानामागून उशी भिजत असेल, तर ते सर्दीचं पाणी म्हणून सोडून देऊ नये. मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं आणि ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत शिरतात. ताप, वाढती डोकेदुखी, मान वाकवता न येणं, अचानक ऐकू न येणं, तोंड वाकडं होणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. आणि पाणी गळू नये म्हणूनच पहिले काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, कुंथायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही. आत्यासाठी शेवटचा नियम सगळ्यांत अवघड होता. इसबगोल मात्र तिने मुकाट्याने घेतलं.

औषधाची चाल संथ. कार्बामाझेपिन हे मूळचं फिट्सवरचं औषध. ते या कळेवर गुण देतं हे १९६२ साली समोर आलं आणि आजही पहिलं औषध तेच. पण त्याने सुस्ती येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम उतरतं. शिवाय यकृत हळूहळू त्याचा निचरा जास्त वेगाने करू लागतं, म्हणून डोस चढत जातो. कळ गेली म्हणून ते एका दिवसात बंद करायचं नाही, एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टर ते आठवड्या-आठवड्याने उतरवतात. आत्याचं औषध उतरत गेलं तसं एक अनपेक्षित घडलं. ती भरभर बोलू लागली, उधारीचे आकडे तोंडपाठ सांगू लागली. आम्ही सहा वर्षं ज्याला 'तिचं वय झालं' म्हणत होतो, त्यातलं बरंचसं गोळ्यांचं होतं. याची मला आजही रुखरुख आहे.

सगळ्यांनाच कवटी उघडावी लागते असं नाही. वय फार असेल किंवा मोठी भूल झेपणार नसेल, तर गालातून सुई घालून नसेची गाठ उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा छोट्या फुग्याच्या दाबाने मुद्दाम थोडी दुखावतात. किंवा गामा नाइफ नावाच्या यंत्राने नसेवर किरण सोडतात, त्याचा गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात आणि तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. या वाटांनी गेल्यावर चेहरा बधिर राहू शकतो. डोळ्याचं बुबुळ बधिर झालं तर कचरा गेलेलाही कळत नाही, म्हणून तो डोळा रोज आरशात बघून जपावा लागतो.

उरली भीती. मेंदूने सहा वर्षं एकच धडा गिरवलेला असतो: गालाला काही लागलं की कळ. कळेचं कारण काढून टाकलं तरी धडा पुसला जात नाही. मेंदू त्याच्यावर नवा धडा लिहितो, जुना खाली तसाच राहतो आणि तो नवा धडा फक्त अनुभवाने लिहिला जातो. 'आता कशाला घाबरतेस' असं शंभरदा बजावून काही होत नाही. आत्याने आधी कापसाचा बोळा गालावरून फिरवला, रोज सकाळी, मनात दहापर्यंत मोजत. मग ब्रश, आधी कोरडा, मग पेस्ट लावून. उजव्या बाजूने चावायला ती दोन महिन्यांनी लागली, तेही मऊ भातापासून. इतकी वर्षं डाव्याच बाजूने चावल्यामुळे जबडा आखडला होता. भाकरीपर्यंत पोचायला दिवाळी उजाडली.

कळ परत येणार का, हे तिने सर्जनला प्रत्येक भेटीत विचारलं. पिट्सबर्गच्या त्याच हिशेबात दहा वर्षांनी ७० टक्के लोक गोळीशिवाय कळमुक्त होते. ज्यांची कळ परतली, त्यांतल्या बहुतेकांची पहिल्या दोन वर्षांत परतली. दहा वर्षांनंतर ती परतण्याचं प्रमाण वर्षाला एक टक्क्याहूनही कमी होतं. आत्याला दोन वर्षं पूर्ण व्हायला अजून आठ महिने आहेत, ते ती कॅलेंडरवर मोजते.

परवा पहाटे कऱ्हाडच्या स्टँडवर आम्ही पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. गार वारा सुटला आणि तिने बोलता बोलता पदर उजव्या गालावर ओढून धरला. थंडी वाजतेय का, मी विचारलं. 'नाही गं,' ती म्हणाली आणि गाडी येईपर्यंत पदर तसाच धरून उभी राहिली.