वाऱ्याची धाव आणि खडकावरचे जीव

श्रावणात पैठणच्या धरणावर उभं राहिलं की पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो. खाली भिंतीच्या दगडी पिचिंगवर लाटा थडाथड आपटत असतात. त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात जवळच्या एखाद्या शेततळ्यात डोकावलं, तर पाण्यावर नुसत्या सुरकुत्या. वारा एकच, फरक आहे तो त्याला पाण्यावरून धावायला मिळालेल्या मोकळ्या रानाचा. शेततळं जेमतेम 30 मीटरचं. पैठणच्या धरणाचा जलाशय, नाथसागर, सुमारे 55 किलोमीटर लांब, 27 किलोमीटर रुंद, आणि भिंत त्याच्या पूर्वेच्या टोकाला. म्हणून तर मातीच्या धरणाला पाण्याच्या अंगाने दगड लावावा लागतो. भिंत पाण्याच्या पातळीच्या किती वर न्यायची हे ठरवतानाही अभियंते वाऱ्याची ही धाव मोजतात.

समुद्रकाठचे जीव अभ्यासणाऱ्यांनाही नेमका हाच हिशोब लागतो. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. तो मार रोज सोसणाऱ्या खडकावर कोण टिकेल, हे त्यावरच ठरतं.

पूर्वी हे उलट्या बाजूने ओळखत. वेल्सच्या खडकाळ किनाऱ्यावर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ बॅलंटाइन यांनी 1961 मध्ये 8 पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली. खडकावर कोणते शंख, कोणतं शेवाळ, किती दाट, ते पाहायचं आणि तिथे लाटांचा मारा किती असेल ते सांगायचं. पद्धत सुंदर आहे, पण तिच्यात एक गाठ आहे. जीवांवरूनच लाटा ठरवल्या, तर लाटांचा जीवांवर काय परिणाम होतो हे विचारायचं कसं? उत्तर आधीच प्रश्नात घातलेलं!

ही गाठ नकाशाने सुटते. किनाऱ्यावरच्या एका बिंदूपासून 16 दिशांना रेषा सोडायच्या. जमीन आडवी आली की रेषा थांबवायची आणि तिची लांबी मोजायची. मग त्या दिशेने वारा वर्षातून किती वेळ आणि किती जोराने वाहतो, त्याप्रमाणे प्रत्येक रेषेला वजन द्यायचं. बेरीज केली की त्या जागेचा एक आकडा मिळतो, तोही एकाही शंखाकडे न पाहता. संगणक असे हजारो बिंदू करतो. कोकणातल्या उघड्या कड्यावरून नैर्ऋत्येकडे सोडलेली रेषा थेट आफ्रिकेकडे, 2000 किलोमीटरच्या पुढे जाते. खाडीत आत शिरलं की तीच रेषा समोरच्या डोंगराला अडते. तिथे गाळ बसतो, तिवरं मूळ धरतात.

आता जीवांकडे जाऊ. कोकणात खडकावर अनवाणी चाललेल्यांच्या पायाला जे पांढरट, धारदार सुळके टोचतात, ते बार्नेकल. हा खेकड्या-झिंग्यांच्या गोतातला प्राणी डोक्याकडून खडकाला चिकटतो आणि पिसासारखे पाय कवचाबाहेर काढून पाण्यातलं अन्न गाळून खातो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसलं, की एकाच जातीच्या बार्नेकलचे पाय शांत पाण्यात लांब आणि नाजूक असतात, लाटांच्या जागी आखूड आणि जाड. युरोपातल्या डॉग व्हेल्क या शंखाचंही तसंच. उघड्या खडकावर त्याच्या कवचाचं तोंड रुंद असतं, कारण घट्ट धरून राहायला पाऊल मोठं लागतं. आडोशाला शंख फोडून खाणारे खेकडे जास्त, म्हणून तिथे कवच जाड आणि तोंड अरुंद.

समुद्रात तेल सांडलं तरी हाच आकडा कामाला येतो. उघड्या खडकावरचं तेल लाटा धुऊन नेतात. आडोशाच्या गाळात ते वर्षानुवर्षं मुरून राहतं. कुठे आधी धावायचं ते त्यावरून ठरवता येतं.

सरळ रेषेच्या या साध्या हिशोबाला मर्यादा आहेतच. लाट भूशिराला वळसा घालून आत येते, उथळ तळावर घासून दमते; हे पकडायला पाण्याची खोली घालून जड गणित करावं लागतं. तरी सुरुवात शाळेतल्या मुलांनाही करता येईल. नाथसागराचा नकाशा, पट्टी आणि कोनमापक घ्या, धरणाच्या भिंतीवर एक बिंदू मांडा आणि 16 रेषा ओढा. पूर्वेच्या सगळ्या शून्यावर थांबतील. पश्चिमेच्या निघतील त्या नेवाशाच्या अंगाला, पाण्यावरून.