बालछळाच्या आत्मकथनातील कौटुंबिक नाती

घरातच सोसलेली मारहाण, उपेक्षा किंवा लैंगिक अत्याचार यांची हकीकत माणूस मोठेपणी लिहितो, तेव्हा छळणाऱ्याइतकीच जागा भोवतालची माणसे घेतात. सगळे ठाऊक असून ‘घरातली गोष्ट घरातच राहू दे’ म्हणणारी आई, विषय टाळणारी आजी, मार चुकलेला धाकटा भाऊ. आईच्या गप्प राहण्याचा हिशेब मांडणे सर्वांत अवघड, कारण जेवू घालणारी आणि ताप आल्यावर उशाशी बसणारीही तीच असते.

मराठीपुरते बोलायचे तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रापाशी थांबावेच लागते. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाईंनी हे पुस्तक छळकथा म्हणून लिहिलेले नाही. पण आरंभीची प्रकरणे धाकात वाढणाऱ्या मुलांचीच आहेत. १८५७च्या धामधुमीत आईच्या वडिलांना फाशी झाली. पुढे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाजारातून आलेले सामान धुऊन घेण्यापर्यंत ते गेले आणि सारे घर त्या वेडाभोवती फिरू लागले. १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आठवणींत लेखिका काहीही लपवत नाही, तरी वडिलांचा द्वेष करत नाही. कुटुंबावर एकदा कोसळलेली भीती पुढच्या पिढीच्या बालपणात कशी उतरते, हे इतक्या मोकळेपणाने मराठीत क्वचितच कोणी सांगितले असेल.

लैंगिक अत्याचाराबद्दल मात्र अशी मोकळीक सहसा मिळत नाही. तिथे आरोप अनेकदा काका, मामा किंवा मोठ्या भावावर असतो. लिहिणाऱ्यालाच ‘चार लोकांत नाव घालवलेस’ असे ऐकावे लागते. हा उलटा न्याय आहे. छळणारा परका नसणे हे मारहाणीतही दिसते: केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांच्या पाहणीत, घरी मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना आईवडिलांनीच मारल्याचे आढळले.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा नातलगाने किंवा एकाच घरात राहणाऱ्याने केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो. कलम १९ नुसार गुन्हा माहीत असलेल्या प्रत्येकाने, म्हणजे घरच्यांनीही, तो कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. आत्मकथनात भावंडांचा छळही येत असेल, तर त्यांची संमती घेऊन नावे व ओळखीच्या खुणा बदलणे योग्य. त्यांची गोष्ट केव्हा सांगायची, हे त्यांनीच ठरवायचे असते.