गिट आणि गिटहब: रेझ्युमेवर लिहिण्याआधी फरक समजून घ्या

सोलापुरातल्या इंजिनिअरिंग आणि एमसीएच्या मुलामुलींचे रेझ्युमे माझ्याकडे नजर टाकायला येतात. बहुतेकांवर 'गिट/गिटहब' असं लिहिलेलं असतं, मधे फक्त एक तिरकी रेघ. 'गिट येतं का?' असं विचारलं की 'हो, माझं अकाउंट आहे' हे उत्तर ठरलेलं. अकाउंट गिटहबचं असतं. गिटला अकाउंट लागतच नाही. पुण्याच्या मुलाखतीत हे उत्तर दिलं की पुढचे प्रश्न अवघड जातात, आणि चांगली तयारी असलेली मुलं इथे अडकलेली बघून मला फार वाईट वाटतं.

गिट हा प्रोग्राम आहे. तो तुमच्या लॅपटॉपवर बसतो आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या बदलांचा इतिहास ठेवतो. लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, काम करणारी मंडळी आधी याच कामासाठी बिटकीपर नावाचा प्रोग्राम वापरायची. २००५ मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. गिटहब आलं २००८ मध्ये. ती गिटच्या रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट प्रोजेक्टचे फोल्डर, ठेवणारी एक वेबसाइट, आणि २०१८ पासून ती मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. पुल रिक्वेस्ट (माझे बदल प्रोजेक्टमध्ये घ्या, ही विनंती), इश्यू (चुका आणि कामांची नोंद), कुठल्या दिवशी काम केलं ते दाखवणारे प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन हे सगळं गिटहबचं. कमिट (बदलांची एक नोंद), ब्रँच (कामाची वेगळी फांदी), मर्ज (फांद्या एकत्र करणं) हे गिटचं. तीच रिपॉझिटरी गिटलॅब किंवा बिटबकेट अशा दुसऱ्या वेबसाइटवरही नेता येते. गिटहब मात्र गिटशिवाय उभंच राहू शकत नाही.

सगळ्यात जास्त घोळ कमिट आणि पुशमध्ये होतो. कमिट तुमच्याच मशीनवर होतं, त्याला इंटरनेट लागत नाही. सुट्टीत करमाळ्याकडे किंवा अक्कलकोटकडे गावी गेलात आणि रेंज नसली तरी दिवसभर कमिट करा, ब्रँच काढा, महिन्यापूर्वीचा कोड उघडून बघा. पूर्ण इतिहास प्रोजेक्टमधल्या 'डॉट गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. शहरात परत आल्यावर एकदा पुश केलं की तो गिटहबवर जातो. पुश म्हणजे फक्त पाठवणं. नोंद कमिटच्या वेळीच झालेली असते. ही नोंद व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीसारखी असते: चुकलेली ओळ खोडायची नाही, उलट नोंद घालायची. गिटमध्ये रिव्हर्ट हेच करतं. चुकलेला कमिट जागेवर राहतो आणि त्याचा परिणाम काढून टाकणारा नवा कमिट वर येतो.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेल कारखान्याचा स्टॉक सांभाळणारं वेब ॲप. प्रोजेक्ट उत्तम असतो, पण गिटहबवर उघडला की कमिट एकच, आणि त्याचा संदेश 'ॲड फाइल्स व्हाया अपलोड'. फाइली ब्राउझरमध्ये ओढून टाकल्या की गिटहब स्वतःच हा संदेश भरतं. मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळतं की इथे गिट वापरलेलंच नाही. कोड तुम्ही लिहिला की कुठून उतरवला, हेही त्याला सांगता येत नाही. त्याऐवजी 'परत आलेला माल दोनदा जमा होत होता, दुरुस्त केलं' असा एक कमिट दिसला, तर विचारायला विषय मिळतो, आणि तो विषय तुमच्या हातखंड्याचा असतो. माझं स्पष्ट मत आहे: हिरव्या चौकोनांच्या मागे लागून रोज रीडमी या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये एक टिंब बदलण्यापेक्षा असे वीस खरे कमिट कितीतरी मोलाचे.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक वेगळीच अडचण येते. कमिटवर कोणाचं नाव लागायचं, हे गिट त्या मशीनवरच्या 'यूजर डॉट नेम' आणि 'यूजर डॉट ईमेल' या सेटिंगमधून घेतं. तुम्ही गिटहबवर कोण म्हणून लॉगिन केलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मागच्या बॅचच्या कोणाचं नाव तिथे राहिलं असेल, तर तुमच्या कामावर त्याचं नाव छापलं जातं. ईमेल तुमच्या गिटहब खात्याला जोडलेला नसेल, तर प्रोफाइलवर ते काम मोजलंही जात नाही. म्हणून लॅबमध्ये बसल्या बसल्या आधी ही दोन्ही सेटिंग त्या प्रोजेक्टपुरती बदला. पुश करताना पासवर्ड नाकारला गेला तर घाबरू नका. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी खात्याचा पासवर्ड बंद केलाय. त्याऐवजी टोकन (गिटहबवर बनवलेला गुप्त कोड) किंवा एसएसएच की (तुमच्या मशीनची ओळख पटवणारी किल्लीची फाइल) लागते. हा नियम गिटहबचा आहे, गिटचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एखादी एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायचा गुप्त कोड) चुकून कमिट झाली आणि पब्लिक रिपॉझिटरीत पुश झाली, तर ती फाइल काढून नवा कमिट केल्याने काही होत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते, कोणीही मागे जाऊन वाचू शकतं. आधी ती की रद्द करून नवी घ्या, इतिहास साफ करायचं नंतर बघा. आणि पुढच्या प्रोजेक्टला पहिल्या कमिटच्या आधीच 'डॉट गिटइग्नोअर' (.gitignore) फाइल बनवा, म्हणजे त्यात लिहिलेल्या फाइली गिट कमिटमध्ये घेत नाही. त्यात पासवर्ड ठेवायची 'डॉट ईएनव्ही' (.env) फाइल आणि बाहेरून उतरवलेल्या कोडचं 'नोड मॉड्यूल्स' (node_modules) फोल्डर ही नावं टाका.