‘त्याला दुखतच नाही’ हे खरं नाही

लेश-नायहन सिंड्रोम हा जन्मजात आजार असलेलं मूल स्वतःचे ओठ, गाल, बोटं चावून रक्तबंबाळ करतं. ते पाहून वर्षानुवर्षं एकच सांगितलं जातं: त्याला वेदना कळत नाहीत.

कळतात. चावताना ही मुलं किंचाळतात, ‘हात बांधा’ म्हणून स्वतःच विनवतात आणि बांधले की शांत होतात. चावणं थांबवणं त्यांच्या हातात नसतं, एवढंच. म्हणून जखमा थांबवायला कधी दात काढावे लागले, तर भूल द्यायलाच हवी. ‘याला काय कळतंय’ हे वाक्य दवाखान्यात कुणी उच्चारूसुद्धा नये.

वेदनाच न जाणवणारा जन्मजात आजारही असतो. त्यातही मुलं जीभ-ओठ चावतात, म्हणून गल्लत होते.

लेश आणि नायहन या डॉक्टरांनी १९६४ मध्ये लेश-नायहन सिंड्रोम मांडला. एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातल्या दोषामुळे एचपीआरटी हे एन्झाइम जवळपास नसतंच, युरिक ॲसिड वाढतं. जवळजवळ सगळे रुग्ण मुलगेच. ॲलोप्युरिनॉल या औषधाने युरिक ॲसिड आटोक्यात येतं, मूत्रपिंडं सांभाळली जातात, पण चावणं थांबत नाही. पालकांना हे आधीच सांगायला हवं.

मग दातांचं काय? आधी तोंडाचं माप घेऊन बनवलेला, दातांवर बसवायचा गार्ड वापरून बघतात. दुधाचे दात पडून नवे येतात तसा तो पुन्हा बनवावा लागतो, आणि काही मुलं तो तोंडात टिकूच देत नाहीत. जखमा थांबतच नसतील तर दात काढावे लागतात. असा निर्णय घेणाऱ्या आईबापांना कुणी निर्दय म्हणू नये; ओठ वाचवायला तोच मार्ग उरलेला असतो.