आजीची मांडी आणि ताशी ४० किलोमीटर

दादरच्या एका प्रसूतिगृहाबाहेर गाडी उभी होती. माझी भाची चार दिवसांची, दुपट्यात गुंडाळलेली. आई मागच्या सीटवर आधीच जाऊन बसली होती आणि हात पुढे करून म्हणत होती, "आण इकडे, मांडीवर दे." शेजारी बांधलेल्या कार सीटकडे तिनं पाहिलंही नाही. "तुम्हाला दोघांना असंच तर आणलं होतं टॅक्सीतून."

आणलं होतं, खरंच. आणि घरात आजीच्या मांडीइतकी सुखाची जागा बाळाला दुसरी नाही, हेही खरं. पण आम्हाला जायचं होतं मुलुंडला, पूर्व द्रुतगती मार्गानं.

गाडी ताशी ४० किलोमीटरनं धावते तेव्हा आतलं बाळही त्याच वेगानं पुढे जात असतं. गाडी कशावर तरी आपटून थांबली, तरी बाळ थांबत नाही. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. वरून पडणारी वस्तू हा वेग गाठते, ती सव्वासहा मीटर उंचीवरून पडली तर. म्हणजे चाळीतल्या दुसऱ्या मजल्याची गॅलरी. वेग ६० असेल तर ही उंची १४ मीटर होते, चौथ्या मजल्याच्याही वर. गॅलरीच्या कठड्याजवळ बाळाला नेताना आपले हात आपोआप घट्ट होतात. गाडीत ते होत नाहीत, कारण ती उंची दिसत नाही.

घट्ट धरून भागेल का? टकरीत गाडीचं नाक चेपतं आणि ती साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते, असं धरू. आठ किलोच्या बाळाला तेवढ्या वेळात थांबवायला सरासरी ९० किलो वजनाइतकं बल लागतं. स्वयंपाकघरातले तीन भरलेले गॅस सिलिंडर एकदम हातांवर यावेत तसं. शिवाय धक्का जाणवून हातांचे स्नायू आवळेपर्यंतच पाव सेकंद जातो. तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. आई आणि बाळ दोघांवरून एकच पट्टा घेणं तर त्याहून वाईट, कारण मग आईच्या शरीराचा सगळा दाब पट्ट्यावर ढकलल्या जाणाऱ्या बाळावर येतो.

तान्ह्या बाळाची मानही पाहा. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. एवढं जड डोकं पेलणारे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, त्यांचे भाग मऊ कूर्चेनं जोडलेले असतात. बाळ पुढे तोंड करून बसलं असेल तर पट्टा धड अडवतो, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. म्हणून लहान बाळाची सीट गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून लावतात. मग समोरून टक्कर झाली की डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का पसरतो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांना ही कल्पना सुचली ती अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून बसलेले पाहून. १९६४ मध्ये त्यांनी अशी पहिली सीट करून पाहिली. दोन वर्षांपर्यंत, आणि सीटच्या मर्यादेत बसत असेल तर त्यापुढेही, मूल असंच बसवावं. पाय दुमडले म्हणून घाई करू नये.

आमच्याकडे खरी अडचण आली ती दुपट्याची. गुंडाळलेल्या बाळावरून पट्टे आवळले की ते घट्ट वाटतात, पण टकरीत कापड चेपतं आणि बाळ ढिलं पडतं. आधी नुसत्या झबल्यावर पट्टे लावायचे, खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येणार नाही इतके घट्ट, आणि मग वरून दुपटं घालायचं. हनुवटी छातीला टेकलेली नाही ना, हे पाहायचं, नाहीतर श्वासाची वाट अरुंद होते. त्यासाठीच सीट मागे कललेली हवी. आणि ही सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावायची नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते आणि थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर आदळते.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालसुरक्षा व्यवस्थेविना नेलं तर १,००० रुपये दंड. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालकाशी बांधणारा हार्नेस आणि ताशी ४० ची वेगमर्यादा. स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल मुंबईत रोज दिसतं. ब्रेक लागला की त्याची छाती हँडलवर आपटते.

काळ्यापिवळ्या टॅक्सीत मागे पट्टाच नसला तर सीट बांधायची कुठे? तिथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मागे पट्टे असलेली गाडी मागवावी, किंवा गर्दी नसलेल्या वेळी लोकलनं जावं, असं मी स्वतः करते.

आणि चुलतभावाकडून वापरलेली सीट आली, तर किती जुनी आहे याबरोबर एक गोष्ट नक्की विचारा: तिच्यासकट गाडीला कधी अपघात झाला होता का? झाला असेल तर ती घेऊ नका. प्लास्टिकमधला तडा वरच्या कापडाखाली दिसत नाही.